बंदुकीतला अडसर

लातूर
७ ऑगस्ट २०२२

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता आणि अंगणात जाता. आई मग पावसाचं सांगते, भाजीचं विचारते, आणि तिच्या आवाजावरून मला कळतं की तुम्ही दारातच उभे आहात. म्हणून पत्र लिहून राहिले. तुम्ही मुखेडच्या शाळेत सगळी नोकरी पोरांना पत्रलेखन शिकवलंत. आलेलं पत्र न वाचता ठेवून देणं तुमच्यानं व्हायचं नाही.

जूनमध्ये मी घरी येऊन सरळ सांगितलं की ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं डिझाइन सोडून आता बंदुकीचं डिझाइन करणार आहे. तुम्ही ताटावरून उठलात. "पाच धंदे करू नयेत म्हणून तथागतानं सांगितलंय. त्यात पहिला शस्त्राचा," एवढंच बोललात आणि हात धुतलात. तिथपासून आपलं बोलणं बंद. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

तर मी काय करते ते आता ऐकाच.

आमचे मालक विरूपाक्षअप्पा. निलंग्याकडचे, घरात कानडी बोलतात, बाहेर आपल्यासारखंच. डाळ मिलची यंत्रं करून मोठे झाले. खासगी कारखान्यांना हत्यारांचं लायसन मिळायला लागलं तसा त्यांनीही अर्ज केला, आणि कुणाला वाटलं नव्हतं तरी मिळालं. त्यांच्या जोडीला कर्नल अवधूत देवणीकर. फौजेतून निवृत्त होऊन लातूरला आलेले, घरातले बाकी सगळे मास्तर आणि वकील. बंदूक कशी हवी ते कर्नल सांगतात, ती कशी होईल ते मी बघते.

सबमशीन गन म्हणजे तुम्ही जिला स्टेनगन म्हणता ती. पोलीस कार्बाइन म्हणतात. आखूड, पिस्तुलाची गोळी, घोडा दाबून धरला की सरसर चालते. आपल्या पोलिसांकडची, फौजेकडची जुनी झाली. आता एका मोठ्या दलाला नवीन घ्यायची आहे आणि देशातलीच घ्यायची आहे. कोणतं दल ते मला लिहिता येत नाही, तसं लिहून दिलंय.

अश्वजितचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण तुम्ही ते बंदुकीचं पाप म्हणता आणि मी बंदुकीतला दोष म्हणते, म्हणून सांगते. तुमचा पोरगा पोलीस बंदोबस्ताला जाताना ट्रकमधून उतरला, खांद्यावरची कार्बाइन घसरून दस्त्यावर आपटली आणि आपोआप सुटली. त्या जातीच्या जुन्या बंदुकीत आतला जड तुकडा नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर असतो. दणका बसला की तो मागे जातो, पुढे येतो, गोळी पेटवतो. घोड्याला बोट लागावं लागत नाही. चौकशीत मात्र लिहिलं की शिपायाचा निष्काळजीपणा. गुडघा त्याचाच गेला आणि ठपकाही त्यालाच.

मी जे करते त्याला वर्कशॉपमध्ये सगळे अडसर म्हणतात. दाराला आतून आडवी दांडी लावतो, तसा पोलादाचा नखाएवढा तुकडा. घोडा दाबला तरच तो बाजूला होतो. नाही तर बंदूक पाडा, आपटा, माडीवरून फेका, गोळी सुटणार नाही. बंदुकीचे बाकीचे भाग दुसरा कुणीही करील. हा मला करायचा होता.

हे सांगायचं होतं. आईच्या गुडघ्यांचं औषध कुरिअरनं पाठवलंय.

तुमची,
प्रिया


लातूर
१९ फेब्रुवारी २०२३

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहिते.

आज मी हैराण आहे. पहिली बंदूक झाली. ती हातात घेतली तेव्हा सगळं वर्कशॉप गोळा झालं होतं. अप्पांनी भंडारा लावून नारळ फोडला. चालवून बघितली तर पहिल्याच दिवशी चालली. कर्नलनी नुसती टोपी काढून डोकं पुसलं. मला वाटलं आता काय, गड घेतला.

मग दिल्लीहून कागद आला. आधी म्हणाले होते वजन कमी ठेवा. आम्ही गाळून गाळून कमी केलं. आता म्हणाले, वर दुर्बीण बसवायला पट्टी पाहिजे. बसवली. मग म्हणाले खाली बॅटरी लावायला पण पाहिजे. लावली. दस्ता दुमडणारा चालणार नाही, आत सरकणारा हवा. तोही केला. आणि परवाच्या बैठकीत एक साहेब बंदूक उचलून म्हणाले, "वजन जरा जास्त वाटतं." म्हशीच्या पाठीवर सगळं गाव बसवायचं आणि मग विचारायचं, ही चालत का नाही! मी तोंड उघडणार होते, कर्नलनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, ह्यांना बंदूक पाहिजे का नको?"

"पाहिजे. पण प्रत्येकाला वेगळी पाहिजे," ते म्हणाले. "फौजेत मी तीस वर्षं ह्याच बैठकांच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. आपण असेच वागायचो."

त्या सगळ्या जाडजूड मागणीपत्रात पडण्या-आपटण्याबद्दल एकच ओळ आहे, की हत्यार हाताळायला सुरक्षित असावं. बस. किती उंचीवरून पडावं, कशावर पडावं, कोणत्या बाजूनं, काही नाही. दुर्बिणीच्या पट्टीबद्दल मात्र पानभर.

आणखी एक. गेल्या रविवारी नांदेडला अश्वजितकडे गेले होते. पोलीस लाइनीतल्या त्याच्या खोलीत बसून मी त्याला अडसराचं चित्र काढून दाखवत होते. तो बघत राहिला. मग म्हणाला, "ताय, एक सांगू का? तू चार लोकांत माझ्या पायाचं सांगत जाऊ नको."

मी म्हणाले, "अरे, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी न्हाई. मला आता रजिस्टर लिहायचं काम हाय, मला बंदूक दिसत पण न्हाई. तुला करायचंय म्हणून तू करून राहिलीस. कर. हुशार हायेस. पण माझ्या गुडघ्यावर तुझी बंदूक उभी करू नको."

त्याची बायको तारामती चहा घेऊन आली होती, ती तशीच ट्रे धरून उभी राहिली. मला राग आला, बाबा. परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत त्याच्यावर होता, तिथून पुढे माझ्यावर. कारण तो खोटं बोलत नव्हता. मला हे काम आवडतं. पोलादाचा तुकडा घासून बसवला आणि तो आवाज न करता आपल्या जागी गेला की जे वाटतं ते मला दुसऱ्या कशानं वाटत नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, पण तुमच्याशी बोलणं तसंही बंद आहे, तेव्हा लिहायला काय हरकत.

प्रिया


लातूर
२६ नोव्हेंबर २०२३

ती. बाबा,
जय भीम.

आज संविधान दिन. तुम्ही विहारात बोलला असाल. आई म्हणाली घसा बसलाय.

चाचण्या झाल्या. वाळवंटात नेऊन वाळूत पुरली, चालली. पाण्यात बुडवली, चालली. बर्फाच्या पेटीत ठेवली, चालली. मी स्वतः हट्ट करून ती सगळ्या बाजूंनी काँक्रीटवर पाडली, कुणी मागितलं नव्हतं तरी. एकदाही सुटली नाही, आणि तसं त्यांनी निकालात लिहून घेतलं. तिथले जवान बघायला जमले होते. एक हवालदार म्हणाला, "मॅडम, अशी पाहिजे होती आम्हाला."

आणि मग चिखल.

पातळ काळा चिखल, आपल्या कापसाच्या रानातल्यासारखा. त्यात बंदूक लोळवायची, झटकायची, चालवायची. आमची चालली नाही. दोनदा घोडा दाबला, नुसता खट आवाज. चिखल अडसराच्या खाचेत शिरला होता. अडसर त्याच्या कामावर ठाम उभा होता, पण बाजूला व्हायच्या वेळी बाजूला झाला नाही.

तिथल्या मेजरनी लिहून घेतलं आणि पुढच्या बंदुकीकडे गेले. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीची होती, तिच्यात अडसर-बिडसर काही नव्हतं. धडधड चालली.

परत येताना मी गाडीत खाचेचं चित्र काढत बसले. कर्नल म्हणाले, "प्रिया, शत्रू दहा पावलांवर असताना बंदूक चालली नाही, तर तो माणूसही मरतोच. तुझ्या भावासारखा जखमी नाही. मरतोच."

मी म्हणाले, "खाच बदलते सर. वर झाकण देते. मला वेळ द्या."

"वेळ अप्पांकडे माग."

अप्पा डाळ मिलवाले आहेत, बाबा. एखादा दाणा अडकला तर ते यंत्राची जाळीच काढून टाकतात. माझं ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, "ताई, पुढची फेरी मार्चमध्ये. तोवर झाकण होईल? झालं तर चिखलात टिकेल? लिहून देता?"

मी लिहून दिलं नाही. कसं देणार? करून बघितल्याशिवाय कोणता इंजिनिअर लिहून देतो?

"मग काढा तो," अप्पा म्हणाले.

मी काढणार नाही म्हणाले. ते हसले. चांगला माणूस आहे, मला पोरीसारखी वागवतो, म्हणून जास्त चीड येते. वाईट माणसाशी भांडायला काही लागत नाही.

झाकणाचं काम चालू केलंय. दिवस कमी पडून राहिलेत.

प्रिया


लातूर
१४ एप्रिल २०२४

ती. बाबा,
सप्रेम जय भीम. जयंतीच्या शुभेच्छा.

बाहेर मिरवणूक चालली आहे, डीजेनं खिडकीच्या काचा हलून राहिल्या. मी गेले नाही. मला लोकांना भेटायचं नाही.

मार्चमध्ये फेरी होती. माझं झाकण झालं होतं, पण चिखलात तीन वेळा चाललं आणि चौथ्यांदा अडकलं. अजून एक पावसाळा मिळाला असता तर मी ते सोडवलं असतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, ते जवळ आलं होतं.

अप्पांनी थांबायचं नाही ठरवलं. चाचणीला जायच्या बंदुकांमधून अडसर काढून टाकला. त्याची जागा दिसू नये म्हणून तिथं साधी पिन बसवली. मला हे कळलं ते पेट्या सील व्हायच्या आदल्या दिवशी, एक बंदूक उघडून बघितली तेव्हा. आणि माझ्यासमोर प्रमाणपत्र आलं: मागच्या फेरीनंतर रचनेत कोणताही बदल केलेला नाही, डिझाइन प्रमुखाची सही.

म्हणजे पाडायची चाचणी अडसर असलेल्या बंदुकीनं पास केली, तो निकाल ग्राह्य धरायचा. आणि चिखलाची चाचणी अडसर नसलेल्या बंदुकीनं पास करायची. दोन्ही निकाल एकाच बंदुकीचे म्हणून दाखवायचे. हुशारीच आहे एक प्रकारची.

मी कर्नलांकडे गेले. ते म्हणाले, "मला माहीत आहे."

"सर, तुम्ही फौजेतले."

"म्हणूनच सांगतो. आधी बंदूक दलात जाऊ दे. दोन वर्षांनी सुधारित आवृत्ती म्हणून तुझा अडसर घालू. असंच होत आलंय. सगळ्याच हत्यारांचं."

"आणि त्या दोन वर्षांत कुणाच्या हातून पडली आणि सुटली तर?"

त्यांनी पेट्यांची यादी पुढे ओढून तपासायला घेतली. मला त्या माणसाबद्दल फार आदर होता, बाबा. अजूनही आहे, तेच अवघड आहे.

सही मी केली नाही. माझ्या हाताखालच्या सर्वेशनं केली. त्याचं लग्न ठरलंय, मी त्याला दोष देत नाही.

चाचणीला मात्र मी गेले. मला नेणं भाग होतं, बंदूक उघडून दाखवायला डिझायनर लागतो. मोठ्या टेबलापलीकडे तेच मेजर बसले होते. बंदुका समोर मांडल्या होत्या. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, प्रत्येक कंपनीला विचारतात तसा, वर न बघता: "मागच्या फेरीनंतर काही बदल?"

कर्नल म्हणाले, "नाही."

मी म्हणाले, "आहे."

मेजरनी वर बघितलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी बंदूक जवळ ओढली, उघडली, पिन काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की इथं काय होतं, आता नाही, आणि नसल्यावर काय होतं. माझी हिंदी चुकत होती. मेजर म्हणाले, "पण पाडल्यावर सुरक्षित असावं असं आमच्या मागणीत नेमकं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, सर. तीच तर चूक आहे," मी म्हणाले. "उंची लिहा. बाजू लिहा. खाली काँक्रीट असावं असं लिहा. नाही लिहिलंत तर सगळेच काढतील. आम्ही काढला, बाकीच्यांनी घातलाच नाही."

दुसऱ्या कंपनीची माणसं दारात उभी होती, ती माझ्याकडे असं बघत होती जशी मी त्यांच्या घरात चप्पल घालून शिरले.

आमच्या बंदुका न चालवताच परत पाठवल्या. न कळवलेला बदल, म्हणून ह्या फेरीतून बाद.

परतीच्या प्रवासात अप्पा एवढंच बोलले, "ताई, उद्यापासून नका येऊ." रागानं नाही. थकल्यासारखं. वर्कशॉपमधल्या लोकांनी ह्या बंदुकीसाठी दोन वर्षं सणवार बघितले नाहीत. मी माझी पिशवी न्यायला गेले तेव्हा कुणी मशीन थांबवलं नाही, कुणी वर बघितलं नाही. एकटी महामाया, स्टोअरमधली, दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुमचं खरं हाय ताई. पर आमचं काय?"



प्रिया


नांदेड
३० जून २०२४

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

तुम्ही लातूरला आलात. मुखेडहून एवढ्या उन्हात एसटीनं, दोन गाड्या बदलून. मी खोली आवरत होते, पुस्तकं खोक्यात भरत होते, आणि दारात तुम्ही. दोन वर्षांनी बोललात, तर पहिलं वाक्य काय? "बरं झालं. सुटलीस."

त्या वाक्यावर मी जे बोलले ते आवाज चढवून बोलले. खालच्या घरमालकिणीला ऐकू गेलं. त्याची माफी मागत नाही. मला हाकललं होतं आणि माझा बाप त्याला सुटका म्हणत होता. तुम्हाला वाटलं मी शेवटी तुमच्या बाजूला आले. मी तुमच्या बाजूला आले नव्हते, बाबा. मला ती बंदूक दलात जायला हवी होती. अडसरासकट.

मग मी आजोबांचं काढलं. काढायला नको होतं कदाचित, पण काढलं. म्हणाले, आजोबा महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होते, त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर मशीनगन होती, त्या पेन्शनवर तुम्ही डी.एड. केलं. तेव्हा शस्त्र चाललं, आता चालत नाही?

तुम्ही खोक्यावर बसलात. मला वाटलं आता उठून जाणार. तुम्ही म्हणालात, "दोन लढाया करून आला तो. गावात आला, बिल्ला लावून हॉटेलात गेला. कप वेगळाच दिला त्याला. फुटका. मी बोट धरून हुतो. त्यानं चहा पिला, कप धुतला, पालथा ठेवला. बंदुकीनं माणसाला काय मिळतं ते मी तवा बघितलं."

आणि मग, "मला पाप-पुण्याचं एवढं न्हाई गं. मला वाटतं, तुझी हुशारी त्यांनी वापरावी आणि कप वेगळाच ठेवावा, हे मला बघवायचं न्हाई."

हे तुम्ही मला दोन वर्षांत का नाही सांगितलंत? पाच धंदे सांगितले, हे नाही सांगितलं!

त्याचं उत्तर आता लिहिते. कप वेगळा ठेवणारे ठेवतातच. मास्तर झालात म्हणून तुमचा एक झाला का? तुमच्या शाळेत पाण्याचा माठ कोण भरायचं आणि कुणी भरला की कोण पीत नव्हतं, ते आई सांगते. मग मी निदान मला जे येतं ते करीन. आणि त्या टेबलावर कुणी माझी जात विचारली नाही. त्यांना माझा राग आला तो मी जे बोलले त्यासाठी आला. तेवढं तरी माझं स्वतःचं होतं.

तुम्हाला पटलं नाही तर नका पटवून घेऊ. पण आता फोनवर बोलत जा.

इथं अश्वजितकडे आहे. एका पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर शिकवते. मशीन ड्रॉइंग. पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघतात. मी फळ्यावर साधा खटका काढते आणि माझ्या हाताला सारखं वाटतं की इथं अजून एक तुकडा हवा.

प्रिया


नांदेड
११ जानेवारी २०२६

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, आई मध्ये बोलत होती, म्हणून लिहिते.

बंदूक ठरली. दलानं नवी सबमशीन गन स्वीकारली. आमची नाही. त्याच मोठ्या कंपनीची, जी चिखलात धडधड चालली होती.

बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत मोबाईलवर वाचलं. पुढचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. घरी येऊन भांडी आपटली. तारामती म्हणाली, "ताई, ताटं स्टीलची हायती म्हणून वाचली."

त्यानंतर कर्नलांचा फोन आला. दीड वर्षांनी. म्हणाले, "नवीन मागणीपत्र वाचलंस का? वाच." आणि ठेवला.

आमच्यानंतर दलानं सगळी फेरी रद्द केली होती. नव्या मागणीपत्रात पाडण्याच्या चाचणीवर आता अख्खं पान आहे. उंची लिहिली आहे. बाजू लिहिल्या आहेत. खाली काँक्रीट असावं असं लिहिलं आहे. गोळी सुटली तर हत्यार सरसकट बाद, बाकी सगळं कितीही चांगलं असो. त्या मोठ्या कंपनीला त्यासाठी आपली बंदूक पुन्हा उघडावी लागली आणि त्यांनी आत अडसर घातला. त्यांच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत, हवा तेवढा वेळ आहे. चिखलाचं कोडं त्यांनी सोडवलं. मी ज्याच्या जवळ आले होते तेच. अप्पांना नव्या फेरीत उतरणं झेपलं नाही.

म्हणजे मी म्हणाले ते त्यांनी ऐकलं. आणि ते ऐकलं म्हणून आम्ही हरलो. कुणावर ओरडू, सांगा.

ते पान मी अश्वजितला दाखवलं. इंग्रजी होतं, त्यानं बोट ठेवून हळूहळू वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"नाही रे. त्यांनी लिहिलं."

"मंग चौकशीत माझा निष्काळजीपणा का लिहिला?" तो म्हणाला. "हे जर लिहिता येत हुतं तर तवा का न्हाई लिहिलं?" मोबाईल माझ्या हातात देऊन तो बाहेर गेला, काठी न घेता. मी त्याच्या मागे गेले नाही. त्याला पहिल्यांदा कुणावर तरी राग धरता येत होता, तो आमच्या कुणामुळे कमी व्हायला नको होता.

आणि गेल्या आठवड्यात अप्पांनी बोलावलं. त्यांनी हत्यारांचं लायसन परत केलं, पुन्हा डाळ मिलची यंत्रं करणार आहेत. नियमाप्रमाणे नमुन्याच्या बंदुका अधिकाऱ्यांसमोर कापून नष्ट करायच्या होत्या. "तुम्ही या ताई," म्हणाले, "तुमच्याशिवाय बरं दिसत नाही."

मी लातूरला गेले. वर्कशॉपच्या मागच्या अंगणात गॅस कटर लावला होता. अधिकारी खुर्चीत बसून नंबर कागदाशी ताडून बघत होते. सर्वेश एकेक बंदूक चिमट्यात धरत होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी त्याला म्हणाले, "लेकरू कसं आहे?" तो म्हणाला, "रांगून राहिलं आता." एवढंच. पहिली बंदूक, जिला भंडारा लावला होता, ती आली तेव्हा अप्पा म्हणाले, "जरा थांबा." सगळे थांबले. त्यांनी ती हातात घेतली, दस्ता खांद्याला लावून बघितला, माझ्या हातात दिली. मी घोडा दाबला. रिकामा खटका. अडसर हलल्याचं बोटाला कळलं, कानाला नाही. इतका तो चांगला बसला होता. मग मी ती सर्वेशला दिली.

कापायला वेळ लागत नाही. तुकडे लाल होते तोवर बघवत नव्हतं, काळे पडल्यावर ते कशाचे आहेत तेही कळेना.

त्या मोठ्या कंपनीच्या चाचणी विभागातून मला बोलावणं आलं आहे. मेजरनी माझं नाव सांगितलं म्हणे. काम हेच, हत्यारं पाडून बघायची, सुटतात का ते. परगावी जावं लागेल. तुम्ही फोनवर म्हणालात, "तिथं कप कसा ठेवतात ते बघून घे आधी." तुम्ही जा म्हणाला नाहीत आणि नको जाऊ असंही म्हणाला नाहीत. मी जाणार आहे. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय.

माझी बंदूक कुणावर चालली नाही, बाबा. तिनं एकाही माणसाला मारलं नाही, आणि आता मारणार नाही. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल. मला नाही वाटत, आणि ते तुमच्याजवळ चांगलं बोलून झाकावं असं आता मला वाटत नाही.

आईला सांगा, थंडी फार आहे, पहाटे पाण्याला जाऊ नको.

तुमची,
प्रिया